मावशींच्या मागच्या दारचा खुंट

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या बाईला एकटीला एसटीत बसवून समुद्रापर्यंत पाठवायचं नाही, असं आईनं ठरवलं आणि पोचवायला कोण जाणार हे न विचारता माझी बॅग माळ्यावरून काढून ठेवली. त्यामुळे या सहलीचं श्रेय माझं नाही. मी फक्त मान हलवली, आणि ऑफिसात साहेबांना रजेचं सांगताना "घरगुती कारण" असं म्हटलं. ते खोटंही नव्हतं.

ती बाई म्हणजे हिरूमावशी. डहाणूच्या बाजूला, समुद्राला खेटून असलेल्या एका कोळी गावातली. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. आमच्या घरी गंगेवर यजमानांचं धार्मिक कार्य करायची पिढीजात वृत्ती आहे (बाहेरगावच्या वाचकांसाठी: नाशिकमध्ये गोदावरीला घरात कुणी गोदावरी म्हणत नाही). मावशींच्या गावातलं कुणी गेलं की अस्थी घेऊन ती माणसं आमच्याकडे उतरतात. मावशी पहिल्यांदा आल्या त्या नवऱ्याच्या अस्थी घेऊन. मी तेव्हा शाळेत होते. नंतर त्या कारण नसतानाही यायला लागल्या, आणि दर वर्षी त्यांच्या मागच्या अंगणातल्या झाडाच्या चिकूंची करंडी यायला लागली. या वर्षी त्या डोळा घेऊन आल्या आणि पट्टी सुटेपर्यंत आईच्या खोलीत राहिल्या.

डोळा उघडल्यावर त्यांना गंगेवर फिरवून आणलं. दुतोंड्या मारुतीसमोर त्या बराच वेळ उभ्या होत्या. पुराचं पाणी मारुतीच्या कुठवर आलं यावरून आम्ही नाशिककर पूर मोजतो, हे मी त्यांना सांगितलं. गुडघ्याला लागलं तर बघायला जायचं, छातीला लागलं तर सामान वर चढवायचं.

"बरं हाय तुमचं," मावशी म्हणाल्या. "तुमचा खुंट म्हणजे देवच. त्याला कोण हलवतंय?"

खुंटाचं प्रकरण मला एसटीत नीट समजलं.

नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून जव्हारमार्गे डहाणूला गाडी मिळते. बायकांना अर्धं तिकीट, मावशींना ज्येष्ठ नागरिक म्हणून तसंही अर्धंच, त्यामुळे दोघी मिळून एका तिकिटात निघालो. त्र्यंबक सुटलं की रस्ता बरा आहे, तोरंगणच्या घाटात मात्र खिडकीशी बसू नका, विशेषतः सकाळी मिसळ खाल्ली असेल तर. मोखाड्याच्या पुढे मेअखेरीस डोंगर अगदी भाजून निघालेले असतात. बायका डोक्यावर हंडे घेऊन रस्त्याच्या कडेनं चालत असतात आणि आपण बाटलीतलं विकतचं पाणी पीत त्यांच्याकडे बघत जातो. जव्हारच्या स्टँडबाहेर नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ मिळाली. स्वस्त आणि पोटभर. मावशींनी पिशवीतून सुकटीची चटणी काढली. आमच्या घरात ती डबी मागच्या ओट्यावर उलट्या घमेल्याखाली ठेवलेली असायची. मी नाशिकची हद्द ओलांडली की सगळं खाते, हे आईला माहीत नाही. ती ब्लॉग वाचत नाही.

"आमच्या समुद्रात खुंट असतात," मावशी भाकरी मोडत म्हणाल्या. "जाळी बांधायला रोवलेले. ज्याची जागा त्याची. वाडवडलांपासून. दुसऱ्याचा खुंट कुणी हलवायचा नाय. हलवला तर त्याची होडी ओढायला गावातला एक हात लागत नाय. एकट्यानं होडी ओढून दाखव म्हणावं."

गेल्या काही पावसाळ्यांत समुद्र गावात शिरायला लागला होता. सुरूची झाडं मुळांसकट आडवी झाली, बोंबील वाळवायची जागा अर्धी गेली. एकीकडे वाळू जात होती आणि दुसरीकडे त्याच वाळूवर मुंबईची, सुरतेची माणसं प्लॉट विचारत होती. तेव्हा गावानं आपला आराखडा आपणच करायचं ठरवलं. बैठका मावशींच्या ओसरीवर व्हायच्या, कारण तिथे वारा असतो आणि चहा मिळतो. वर्षभर प्रत्येक मोठ्या उधाणाला सगळ्यांनी किनाऱ्यावर चालत जाऊन पाणी कुठवर चढतं ते बघितलं, त्याच्या मागे थोडी जागा सोडून रेघ ठरवली. रेघेच्या समुद्राकडच्या बाजूला होड्या, वाळवण आणि सुरूची नवी लागवड. नवं बांधकाम नाही, सिमेंट नाही, आणि दगडी भिंत तर कुणीच घालायची नाही, कारण एकाच्या दारात भिंत घातली की पाणी शेजाऱ्याच्या दारात जातं. जी घरं रेघेबाहेर, समुद्राकडे पडतील त्यांना गावामागच्या गायरानात जागा द्यायची. पर्यटक आले तर गावातल्या घरांमधल्या खोल्यांत राहतील. हे सगळं ग्रामसभेत मंजूर करून जिल्ह्याला पाठवायचं होतं.

"आणि रेघ कळायची कशी? तर खुंट रोवायचे," मावशी म्हणाल्या. "कागद कुणी वाचत नाय. खुंटाला सगळे भितात."

मी ऑफिसात नकाशेच काढते. अशा बैठकांत रेघ नेमकी कुणाच्या घरावरून जाते यावर सगळं अडतं, हे मला माहीत आहे. म्हणून विचारलं, "तुमचं घर आत का बाहेर?"

"बाहेर," त्या म्हणाल्या. "माझा खुंट मागच्या दारी, चिकूच्या बुंध्याशी. मीच दाखवला. दुसऱ्याचं घर बाहेर काढायचं तर पहिलं आपलं काढाय लागतं. नायतर कोण ऐकंल?"

ऑपरेशनची तारीख आली म्हणून प्रत्यक्ष खुंट रोवायच्या वेळी त्या गावात नव्हत्या.

डहाणूला उतरून शेअर रिक्षा. रिक्षावाल्याच्या शेजारी बसलेला माणूस दोन्ही हातांनी बर्फाची लादी धरून होता आणि वळणावर ती माझ्या पायावर टेकत होती. उन्हाळ्यात याहून चांगली सोय एसी गाडीतही नाही. गाव जवळ आलं की आधी वास येतो, मग बांबूच्या मांडणीवर उलटे टांगलेले बोंबील दिसतात, मग समुद्र. मावशींचं घर समुद्राकडच्या शेवटच्या रांगेत. कौलारू, बुटकं, पुढे ओसरी, ओसरीच्या एका अंगाला पाहुण्यांसाठी केलेली खोली. तिच्या खिडकीतून सरळ पाणी दिसतं.

ओसरीसमोर माणसं जमली होती. दामोदर तांडेल पुढे झाले. गावातले जाणते, स्वतःची होडी असलेले, आराखड्याच्या कामात मावशींच्या बरोबरीनं राबलेले. "कसा काय डोळा, मावशी? बघा, काय दिसतं का?" म्हणाले आणि सगळे हसले.

ओसरीच्या पुढे, पाण्याच्या बाजूला, वाळूत एक नवा खुंट उभा होता. त्याला झेंडूची माळ घातली होती आणि बुडाशी नारळ ठेवला होता.

मला वाटलं, स्वागताची काहीतरी पद्धत असेल. मी मोबाईल काढून फोटोही घेतला.

मावशी त्या खुंटाकडे बघत राहिल्या. मग घरातून मागच्या दारी गेल्या. मी मागोमाग. चिकूच्या बुंध्याशी काही नव्हतं. उकरून पुन्हा बुजवल्याची खूण तेवढी होती. त्या परत ओसरीवर आल्या.

"कुणी केलं?"

"गावानं," दामोदर तांडेल म्हणाले. "मावशी, एवढं तुम्ही केलं गावासाठी, आणि तुमचंच घर बाहेर टाकायचं? आमच्या मनाला येईना. एवढासा वळसा घेतला रेघेला. तुमच्याविषयी कोण बोलणार हाय?"

हे वाईट माणसांचं काम नव्हतं. मी ते चेहरे पाहिले आहेत. आपण काहीतरी भलं केलं म्हणून कौतुक होईल, अशी वाट बघणारे चेहरे होते ते. समुद्रात ज्यांनी आयुष्यात दुसऱ्याचा खुंट हलवला नव्हता, त्यांनी जमिनीवर एक हलवला होता, आणि तो प्रेमापोटी.

मावशी म्हणाल्या, "चहा घ्या सगळे," आणि आत गेल्या. रात्री जेवताना ताज्या बोंबलांचं कालवण होतं, तांदळाची भाकरी होती. मी दोन वेळा वाढून घेतलं. त्या घास चिवडत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर रेघेवरून चालत गेले. प्रवासवर्णनात इथे किनाऱ्याचं वर्णन यायला हवं. करते. वाळू करडी आहे, ओहोटीला चिखल होतो, लाटांना गोव्यासारखा निळा रंग नाही, आणि उन्हात चमकणारे बोंबील लांबून दोरीवर धुणं वाळत घातल्यासारखे दिसतात. खेकडे पावलांच्या आवाजानं बिळात पळतात. सुरूच्या खाली इतकं गार वाटतं की बसावंसं वाटतं. पण आमचं लक्ष खुंटांकडे होतं.

मावशींच्या घराला लागून उत्तरेला एक मोठी मोकळी जागा आहे. ती सुरतेकडच्या एका शेठनं घेतलेली. त्याचा खुंट ठरल्याप्रमाणे जागेच्या मागच्या कुंपणाशी असायला हवा होता. तो आता पुढे, पार वाळूत होता. खुंटामागे एक जेसीबी उभा आणि काळ्या दगडांचे ढीग. पुढे आणखी दोन घरांचे खुंटही पुढे सरकलेले. मावशी प्रत्येकापाशी थांबायच्या, नवा डोळा बारीक करून बघायच्या आणि चालायला लागायच्या.

शेठ स्वतः तिथे होता. पांढरा शर्ट, बोलायला गोड. बसायला खुर्च्या मागवल्या, नारळपाणी विचारलं.

"मावशी, तुम्ही मोठ्या. मी गावाच्या बाहेर नाय जाणार," तो म्हणाला. "गावानं तुमचा खुंट पुढे घेतला, मी पण घेतला. तुमच्या रेघेत राहूनच बांधतो. तुमचा चालतो तर माझा का नाय?"

दामोदर तांडेल आमच्या मागोमाग आले होते. मावशी नारळपाणी न घेताच वळल्या.

उलट्या पावली घरी आल्यावर मावशींनी दामोदर तांडेलांना हाक मारली. "खुंट काढा."

"मावशी, ऐका जरा."

"काढा. नायतर मी काढते. मग डोळा गेला तर तुमच्यावर."

त्यांनी आणि आणखी दोघांनी तो हलवून हलवून उपटला. खुंट चांगल्या दणकट मनगटांना दमवणारा होता, ओला आणि जड. बाजूच्या बोळातून नेता आला असता. मावशी म्हणाल्या, "घरातून न्या." मग तो ओसरीवरून आत आला, पाहुण्यांच्या खोलीच्या दारावरून, देव्हाऱ्यापुढून, स्वयंपाकघरातून. टोकाची वाळू फरशीवर सांडत गेली. मागच्या दारातून बाहेर काढून चिकूच्या बुंध्याशी, उकरलेल्या जागेतच त्यांनी तो रोवला. घण मारायचा आवाज ऐकून शेजारपाजारची माणसं आली होती. कुणी नारळ आणला नाही.

"आता सगळं घर बाहेर," मावशी म्हणाल्या. "आता जा आणि त्याला सांगा, तुझा पण मागं घे."

मी विचारलं, राहायचं कुठे? त्या म्हणाल्या, गायरानात जागा मिळंल की, ठरलंय तसं. ग्रामसभा दुसऱ्या दिवशी होती.

ग्रामसभा बघायला मी एक दिवस जास्त राहिले. शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकल्या होत्या. फळ्यावर गावाचा नकाशा होता, मुलांच्या रंगीत खडूंनी काढलेला, आणि खरं सांगते, आमच्या ऑफिसातल्या बऱ्याच नकाशांपेक्षा समजायला सोपा. माणसं येत होती पण सतरंज्या भरेनात. ज्यांचे खुंट पुढे सरकले होते त्यांची घरंच्या घरं आली नाहीत, त्यांची भावकीही आली नाही. एक बाई दारातून डोकावली, मावशींना बघितलं आणि पदर सावरत निघून गेली. मावशींनी तिला हाक मारली नाही.

ग्रामसेवकांनी पुन्हा पुन्हा डोकी मोजली, घड्याळ बघितलं आणि गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्याचं जाहीर केलं. आराखडा मंजूर नाही, म्हणजे गायरानातली जागाही नाही. मावशींचं घर मात्र त्यांनी स्वतःच बाहेर काढून ठेवलेलं.

"परत तुमचा खुंट पुढे घेऊ या का?" दामोदर तांडेल हळू आवाजात म्हणाले. "निदान गोणी तरी लावू पुढनं. पावसाळा आला."

"भिंत नाय, गोणी नाय," मावशी म्हणाल्या. "लावली तर पाणी पलीकडल्या काशीच्या घरात जाईल. तिचं तान्हं हाय."

मला राग आला, लपवत नाही. त्या न आलेल्या लोकांचा आला, शेठचा आला, आणि थोडा मावशींचाही आला. एवढं खरं वागून मिळालं काय? निघताना मी त्यांना म्हटलं, पावसाळ्यापुरत्या नाशिकला चला. आईची खोली आहे, चार महिने काढा.

"आणि इथं घरात कोण?" त्या म्हणाल्या. जणू मी काही खुळ्यासारखं विचारलं होतं. करंडीत चिकू भरून दिले, वर केळीचं पान. परतीच्या एसटीत जव्हारच्या पुढे जागा मिळाली. तोपर्यंत उभीच होते, करंडी पायात धरून. उत्तरेकडच्या त्या जागेवर जेसीबी चालू झाल्याचा आवाज मी निघतानाच ऐकला होता.

नाशिकला आल्यावर आधी चिकू संपले. मग पाऊस लागला. दामोदर तांडेलांचे फोन अधूनमधून यायचे. शेठची भिंत झाली. चांगली उंच झाली. लोक तिच्यावर बसून फोटो काढतात.

आषाढ अमावास्येच्या उधाणानंतर दोन दिवस मावशींचा फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच केला.

"मिने, घर गेलं गं."

भिंतीला आपटलेलं पाणी वळून सरळ त्यांच्या अंगावर आलं होतं. आधी ओसरी, मग पाहुण्यांची खोली, मग पहाटेच्या भरतीला स्वयंपाकघर. देव आणि भांडी लोकांनी आदल्या संध्याकाळीच हलवली होती. मावशी तांडेलांच्या जाळ्यांच्या खोलीत राहत होत्या. मी रडायला लागले तर मलाच दटावलं. म्हणाल्या, डोळा बरा हाय, लांबचं लख्ख दिसतं.

मग म्हणाल्या, "खुंट हाय. पाणी त्याच्या वीतभर अलीकडं थांबलं. चिकू पण हाय. रेघ बरोबर होती आमची."

त्याच आठवड्यात गंगेला पूर आला. पाणी मारुतीच्या कमरेपर्यंत होतं आणि अर्धं नाशिक पुलावर उभं राहून बघत होतं. आईही आली होती. ती म्हणाली, "हिरू इथे असती तर तिला दाखवलं असतं." मी तिला घर गेल्याचं सांगितलं होतं, पण आपण ऐकलं ते खरं नसावं असं तिला अजून वाटत होतं. गर्दीत कुणीतरी म्हणालं, फार नाही चढणार आता. लोक पांगले आणि आम्ही भजी घेऊन घरी आलो.

गावात पुन्हा सभा लावणार आहेत असं कळतं. ज्यांनी खुंट पुढे घेतले होते त्यातल्या एकानं आपला मागे नेला, रात्रीतून, कुणाला न सांगता. बाकीचे आहेत तिथेच आहेत. शेठचा समुद्र दिसणाऱ्या खोल्यांचा फलक लागला आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं आहे की मागच्या महिन्यात मी टाकलेल्या फोटोतली ती खोली कुठली, खिडकीतून सरळ पाणी दिसतं ती, आणि भाडं किती. जायचं कसं ते वर लिहिलं आहे. खायचं काय तेही लिहिलं आहे. राहायचं म्हणाल तर त्या किनाऱ्यावर आता तुम्हाला समुद्र दिसणाऱ्या खोल्या पुष्कळ दाखवतील. आगाऊ पैसे देण्याआधी एवढंच विचारा, की इथला खुंट आधी कुठे होता. उत्तर मिळणार नाही. मग समुद्राकडे पाठ करून थोडं मागे चालत जा. एक चिकूचं झाड दिसेल आणि त्याच्या बुंध्याशी एकटा खुंट. तिथून वळून समुद्राकडे बघा. मधे जी मोकळी वाळू आहे, तीच ती खोली.